मलाक्क्याचा जवळा

मलेशियातल्या मलाक्का शहराच्या पूर्वेला, नदीच्या मुखापासून तीनेक किलोमीटरवर उजोंग पासिर नावाचा किनारा आहे. तिथल्या पोर्तुगीज वस्तीत एका घराच्या ओट्यावर गुलाबीसर रंगाच्या बाटल्या ओळीनं मांडलेल्या दिसल्या. वाकून पाहिलं तर आत जवळा. आपला कोकणातला जवळाच, फक्त वाळवलेला नाही. मीठ आणि भात घालून तीनेक दिवस मुरवलेला. या लोणच्याला तिथे चिंचालोक म्हणतात आणि जवळ्याला गेरागो. वस्तीतल्या लोकांनाही शहरातले बाकीचे लोक पूर्वी हिणवून 'गेरागो' म्हणत. जवळा धरणारे, जवळा खाणारे, म्हणजे गरीब. पुढे या लोकांनी ते नाव स्वतःच अभिमानानं मिरवायला सुरुवात केली.

मी मलाक्क्यात दोन रात्री राहिलो, तेवढंच. पण परतल्यापासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही, आणि तो मलाक्क्यापुरता नाही. एखादं शहर 'वारसा' म्हणून जपायचं ठरतं, तेव्हा नेमकं काय जपायचं ठरतं?

मराठी पर्यटकाला मलाक्का बहुधा चार तासांचंच भेटतं. डिसेंबर 2023पासून मलेशियानं भारतीयांना तीस दिवसांपर्यंत व्हिसा माफ केला आणि क्वालालंपूर-सिंगापूरच्या सहलींना आणखी जोर आला. या दोन शहरांच्या मधे मलाक्का येतं. बस थांबते, लाल चौकात फोटो होतात, पोर्तुगीज किल्ल्याचा उरलेला एक दरवाजा पाहून होतो, जेवण होतं, बस निघते. यात पर्यटकाचा दोष आहे असं मला वाटत नाही. सुट्टी मोजकी असते, पैसा कष्टाचा असतो. पण चार तासांच्या पाहुण्याला दिसेल तेवढंच शहर नीटनेटकं ठेवायचं आणि त्यापलीकडचं सोडून द्यायचं, हे धोरण झालं तर त्याबद्दल बोललं पाहिजे. मलाक्क्यात ते झालं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

शहराच्या नावापासूनच आपला धागा लागतो. सन 1400च्या सुमारास परमेश्वर नावाचा राजपुत्र इथे नदीकाठी एका झाडाखाली विसावला, त्याच्या शिकारी कुत्र्याला एका इवल्याशा पिसुरी हरणानं लाथ मारून पाण्यात पाडलं, आणि दुबळ्याला बळ देणारी ही जागा पाहून त्यानं तिथेच राज्य वसवलं, अशी कथा आहे. ते झाड होतं मेलाका. म्हणजे आमलक. म्हणजे आपला आवळा. पुढच्या शंभर वर्षांत आवळ्याच्या झाडाखालचं हे गाव आशियातल्या मोठ्या बंदरांपैकी एक झालं. अरुंद सामुद्रधुनी आणि मोसमी वारे यांच्या सांध्यावर ते होतं. एका वाऱ्यावर गुजराती, तमिळ, अरब जहाजं यायची, दुसऱ्या वाऱ्यावर चिनी यायची, आणि वारा फिरेपर्यंत सगळ्यांना इथेच थांबावं लागायचं. थांबणं हाच या शहराचा धंदा होता. परदेशी व्यापाऱ्यांची व्यवस्था बघायला चार शाहबंदर नेमलेले असत आणि त्यांतला एक फक्त गुजरात्यांसाठी होता. सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे राहिलेल्या तोमे पिरेस या पोर्तुगीजानं बंदरावर चौऱ्याऐंशी भाषा ऐकू येतात असं लिहून ठेवलं आहे.

पोर्तुगीज सेनापती अफोन्सो द आल्बुकर्कनं नोव्हेंबर 1510मध्ये गोवा कायमचं घेतलं आणि पुढच्याच ऑगस्टमध्ये मलाक्का. त्यानंतर शतकभर ही दोन्ही शहरं एकाच साखळीतले मणी होती. सेंट पॉलच्या टेकडीवर छप्पर नसलेलं चर्च आहे आणि त्यात जाळीनं झाकलेली एक रिकामी कबर. जुन्या गोव्यात ज्यांच्या शवाचं दर्शन घ्यायला आपल्याकडचे लोक जातात, त्या फ्रान्सिस झेवियरांचं शव 1553मध्ये आधी इथे पुरलं होतं. काही महिन्यांनी ते उकरून गोव्याला नेलं. त्या कबरीपाशी उभा असताना मला शेजारच्या गावात आल्यासारखं वाटलं.

टेकडीवरून खाली पाहिलं की मात्र गोंधळ उडतो. किल्ल्याच्या पायाशी समुद्र होता असं सगळीकडे लिहिलेलं, आणि खाली दिसतो तो मॉल, हॉटेलं आणि रस्ते. समुद्र भराव घालत घालत मागे सारला आहे. मलेशियाच्या स्वातंत्र्याची तारीख पुढे पहिले पंतप्रधान झालेल्या टुंकू अब्दुल रहमान यांनी 20 फेब्रुवारी 1956 रोजी ज्या मैदानावर जाहीर केली, तिथेही आज मॉल आहे. भराव काही वर्षांतला नाही. अनेक दशकं चालला आहे आणि एकेका टप्प्यानं शहर समुद्रापासून तुटत गेलं आहे. ज्या गावाचं सगळं अस्तित्व समुद्रामुळे, त्याला समुद्र पाहायला रिक्षा करून जावं लागतं.

नदी मात्र आहे, आणि तिच्याबद्दल आधी चांगलं सांगितलं पाहिजे. मलाक्क्याची नदी एके काळी गटार झाली होती. ती साफ केली, काठाकाठानं चालायला फरसबंद वाटा केल्या, जुन्या गोदामांच्या पाठी रंगवल्या. पावसाळी संध्याकाळी त्या वाटेनं चालताना पाण्यातून एक घोरपड आरामात पोहत गेली. मुठेच्या काठी वाढलेल्या माणसाला हे दृश्य पाहून काय वाटलं असेल ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. नदी साफ करणं हे उत्तम काम होतं आणि ते पर्यटनाच्या आशेनं झालं म्हणून त्याची किंमत कमी होत नाही.

नदीत पंचेचाळीस मिनिटांची बोटीची फेरी असते. फेरीत एका वळणावर काम्पुंग मोर्टन लागतं. काम्पुंग म्हणजे गाव, वाडी. शहराच्या ऐन मध्यात, तीन बाजूंनी नदीचं वळण, आणि आत जुन्या मलय पद्धतीची लाकडी घरं: जमिनीपासून खांबांवर उचललेली, पुढे पडवी, आणि पडवीला चढणारा रंगीत फरशांचा वळणदार जिना. हा जिना मलाक्क्याच्या घरांची खूण आहे. गाव तसं फार जुनं नाही, 1920च्या दशकातलं. मोर्टन नावाच्या इंग्रज जमीन अधिकाऱ्याच्या नावानं ओळखलं जातं. रात्री बोटीतून घरांच्या दिव्यांच्या माळा दिसतात आणि बोटीतले सगळे फोन एकदम वर होतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिथे चालत गेलो. दिव्यांच्या माळा बंद, दोरीवर वाळणारे कपडे, कोंबड्या, एका घराच्या पायरीवर भाजी निवडणारी बाई. एका कुटुंबानं आपलं घरच पाहायला खुलं ठेवलं आहे. व्हिला सेंतोसा त्याचं नाव. घरातलंच कुणी तरी तुम्हाला हिंडवून दाखवतं, लग्नाचा पलंग, जुनी भांडी, आजोबांचे फोटो. निघताना पेटीत हवे तेवढे पैसे टाकायचे. मला हे मनापासून आवडलं, कारण इथे दाखवायचं काय आणि किती हे घरचे ठरवतात. दार उघडायचं की लावायचं, हेही.

बोटीच्या फेरीत तसं नाही. समजा आपल्या परसदारामागून संध्याकाळभर थोड्या थोड्या वेळानं एक बोट जाते, तीत गाणी लावलेली आहेत, आणि प्रत्येक बोटीतले लोक आपल्या खिडकीचा फोटो काढतात. या फोटोंचे पैसे बोटवाल्याला मिळतात. खिडकी आपली. मला वाटतं इथे एक साधा हिशेब बसवता येईल: तिकिटातला ठरावीक वाटा गावाच्या घरदुरुस्तीला जावा. लाकडी घर टिकवणं फार खर्चाचं असतं. वाळवी, पाऊस, आणि चांगले सुतार दुर्मिळ. घर सुंदर दिसलं पाहिजे अशी शहराची अपेक्षा असेल तर त्याचा भार एकट्या घरमालकावर टाकता येणार नाही.

आता मूळ मुद्दा. 2008च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मलाक्का आणि जॉर्ज टाउन या दोन शहरांना मिळून जागतिक वारसा ठरवलं. कारण काय दिलं? मलय, चिनी, भारतीय आणि युरोपीय लोक पाचशे वर्षं एकत्र नांदल्यानं तयार झालेली जिवंत बहुरंगी संस्कृती. हे कारण अचूक आहे. जोंकर गल्लीच्या शेजारी एकाच रस्त्यावर 1748ची मशीद, 1781चं विनायकाचं मंदिर आणि त्याहून जुनं चिनी देऊळ आहे. आपण गणपतीच्या त्या गाभाऱ्यापुढे हात जोडून उभे राहतो तोवर मशिदीतून बांग येते आणि चिनी देवळातला उदबत्तीचा धूर रस्त्यावर तरंगतो. पण या संस्कृतीभोवती रेघ ओढली ती इमारतींच्या हिशेबानं. मलाक्क्याचा मुख्य संरक्षित भाग जेमतेम 45 हेक्टर. किल्ल्याचा दरवाजा आत, डचांचं लाल कचेरीघर आत, व्यापाऱ्यांच्या पेढ्या आत. पोर्तुगीज वस्ती बाहेर.

का बाहेर, हे वस्ती पाहिली की कळतं. तिथे पाहण्यासारखी जुनी वास्तूच नाही. गरीब युरेशियन, म्हणजे युरोपीय-आशियाई मिश्र वंशाच्या, कोळी लोकांना हक्काची जागा असावी म्हणून 1930च्या दशकात दोन कॅथलिक धर्मगुरूंच्या खटपटीनं इंग्रज सरकारनं दलदलीची सुमारे 28 एकर जमीन घेतली आणि तिथे साधी लाकडी घरं उभी राहिली. घरं नव्वद वर्षांची, पण त्यांत बोलली जाणारी भाषा पाचशे वर्षांची. वारसा मोजायची फूटपट्टी भिंतींची असल्यावर भाषेचं वय मोजणार कोण?

या भाषेचं नाव क्रिस्तांग. पोर्तुगीज शब्द, मलय वळणाची वाक्यरचना, अधेमधे कोकणी-मल्याळमपासून चिनीपर्यंतचे शब्द. पोर्तुगीजांचं राज्य मलाक्क्यात 130 वर्षं टिकलं. 1641मध्ये डच आले, त्यांनी कॅथलिकांना छळलं, मग इंग्रज आले. राज्य जाऊन पावणेचारशे वर्षांहून जास्त काळ लोटला तरी भाषा बोलली जाते. ती टिकली ती कुठल्या सरकारमुळे नाही. ती टिकली दोन गोष्टींमुळे: घरातला धर्म आणि किनाऱ्यावरचा धंदा. माणसं एकत्र राहिली कारण एकत्र समुद्रावर जायची. भरतीची वेळ, वाऱ्याची दिशा, जाळ्याचे भाग, माशांची नावं हे सगळं या भाषेत होतं आणि मुलगा बापाबरोबर पाण्यात उतरला की ते आपसूक शिकायचा. जवळा धरायची त्यांची पद्धत तर किती साधी! दोन लांब बांबू कात्रीसारखे एकमेकांत अडकवायचे, त्यांमध्ये जाळं ताणायचं आणि कमरेएवढ्या, छातीएवढ्या पाण्यात ते पुढे ढकलत चालत राहायचं. होडीही लागत नाही. लागतो तो फक्त उथळ, स्वच्छ, चिखलाळ किनारा.

आणि नेमका तोच भरावाखाली जातो. उथळ समुद्र हाच भरायला सगळ्यांत स्वस्त. 2014मध्ये वस्तीसमोरच्या समुद्रात कृत्रिम बेटं उभारायचा 'मलाक्का गेटवे' नावाचा अवाढव्य प्रकल्प जाहीर झाला: क्रूझ जहाजांचा धक्का, हॉटेलं, इमारती. वस्तीतल्या लोकांनी विरोध केला. जवळा कमी झाला, गाळ साचला, होड्या बाहेर काढता येईनात, असं ते वर्षानुवर्षं सांगत होते. 2020च्या नोव्हेंबरमध्ये राज्य सरकारनं करार रद्द केला, पण नंतर प्रकल्प पुन्हा उभा करायच्या हालचाली झाल्या. म्हणजे तलवार टांगलेलीच आहे.

इथे कुणी म्हणेल, मुलांना कोळी राहायचंच नाही, ती सिंगापूरला नोकरीला जातात, भाषा त्यामुळे जाते. भरावाला कशाला दोष देता? यात तथ्य आहे. शिकलेल्या मुलानं छातीएवढ्या पाण्यात उभं राहावं असा आग्रह कोण धरणार? पण धंदा सोडणं आणि धंदा हिरावला जाणं यांत फरक आहे. पहिल्यात परतायची वाट राहते. सुट्टीला आलेला मुलगा काकाबरोबर जाळं घेऊन उतरतो, दोन शब्द शिकतो, ते आपल्या मुलाला सांगतो. किनाराच गेला तर परतायला काही उरत नाही. सिंगापुरात काही तरुणांनी क्रिस्तांगचे वर्ग सुरू केले आहेत आणि ते फार मोलाचं काम आहे. वर्गात भाषा शिकता येते, मात्र भरती येताना पाण्याचा रंग बदलतो त्याला असलेला शब्द वर्गात फार काळ टिकत नाही.

हीच गोष्ट शहराच्या आतही वेगळ्या रीतीनं झाली. मलेशियात युद्धापूर्वीच्या घरांना भाडेनियंत्रणाचा कायदा होता. तो 1997मध्ये रद्द झाला आणि मुदत संपल्यावर, 2000च्या सुरुवातीला, भाडी एकदम चढली. जुन्या गल्ल्यांतले सुतार, लोहार, चपला शिवणारे, किराणावाले यांना ती झेपली नाहीत. त्याच वर्षी जोंकर गल्लीत आठवडाअखेरचा रात्रबाजार सुरू झाला. आता तिथे भेटवस्तूंची दुकानं, कॅफे, आणि गाणी वाजवत फिरणाऱ्या कार्टूनच्या बाहुल्यांनी मढलेल्या सायकलरिक्षा. भिंती उत्तम राखल्या आहेत. आठवड्यातल्या मधल्या दिवशी रात्री आठनंतर मी तिथून चाललो तर अर्ध्याहून अधिक माड्यांवर दिवा नव्हता.

तमिळ व्यापाऱ्यांचे वंशज असलेले चिट्टी लोक गाजा बेरांगच्या वाडीत राहतात. घरात मलय बोलतात, सारोंग नेसतात आणि मरिअम्मनच्या देवळात नवस फेडतात. त्यांच्याही वाडीला लागून उंच इमारती आल्या आणि त्यांनाही त्याविरुद्ध बोलावं लागलं.

मला हे सगळं इतकं लागलं त्याचं कारण कोर्लई आहे. रेवदंड्याच्या खाडीपलीकडे, कोर्लईच्या किल्ल्याच्या पायथ्याशी, आजही सुमारे हजारभर लोक पोर्तुगीजपासून झालेली एक भाषा बोलतात. ती बोलणारे तिला 'नौ लिंग' म्हणतात, म्हणजे आपली भाषा. 'क्रिश्ती' असंही नाव आहे. क्रिस्तांग आणि क्रिश्ती, नावंसुद्धा एकाच शब्दातून आलेली. मराठ्यांनी 1740मध्ये पोर्तुगीजांकडून चौल घेतलं, त्याला पावणेतीनशेहून जास्त वर्षं झाली, तरी अलिबागपासून तासाभराच्या आत असलेल्या या गावात आया मुलांना त्या भाषेत हाका मारतात. तिच्यात मराठी मिसळली आहे, तशी क्रिस्तांगमध्ये मलय. ती टिकली कारण गाव खाडीनं, शेतीनं, मासेमारीनं आणि चर्चनं एकत्र बांधलेलं होतं. आपल्यापैकी किती जणांना हे माहीत आहे? शनिवारी-रविवारी किल्ला चढायला जाणारे शेकडो लोक या गावातूनच जातात. मीही दोनदा गेलो होतो, तेव्हा मला माहीत नव्हतं. मलाक्क्यात एका फलकावर क्रिस्तांगच्या नातलग भाषा वाचताना तिथे कोर्लईचं नाव दिसलं, तेव्हा लाज वाटली.

कोर्लईला कुणी आज वारसा गाव ठरवायला निघालं तर मी त्याला आधी हे विचारीन: खाडीत होड्या लावायची जागा राहणार का? गावकऱ्याला आपल्या वाडीत मुलासाठी घर बांधता येईल का, की जमिनी शनिवार-रविवारच्या बंगल्यांना जातील? मग फलक, मग रंग, मग बाकी सगळं. कारण किनाऱ्याच्या बाबतीत हे प्रश्न विचारता येतात आणि त्यांची उत्तरंही मिळतात, हे मुंबईत वरळीच्या कोळ्यांनी दाखवून दिलं आहे. किनारी रस्त्याच्या पुलाच्या दोन खांबांमधून होड्या सुरक्षित जाणार नाहीत, अंतर वाढवा, अशी मागणी घेऊन ते वर्षानुवर्षं भांडले आणि शेवटी महापालिकेनं क्लीव्हलँड बंदराशी एक खांब गाळून अंतर 60 मीटरचं 120 केलं. त्यांनी मागितलं होतं त्याहून ते कमीच होतं. पण होडीची वाट हा आराखड्यात धरायचा मुद्दा आहे, एवढं तरी कागदावर आलं.

मलाक्क्यात मला नेमकं हेच हवं आहे. वारसा क्षेत्राची रेघ उजोंग पासिरपर्यंत वाढवा, आणि ती किनाऱ्याशी न थांबवता पाण्यात न्या. जवळ्याचा उथळ पट्टा हा सेंट पॉलच्या चर्चइतकाच संरक्षित भाग माना. भरावाचा कुठलाही प्रस्ताव आला तर जाळं ढकलणाऱ्या माणसाची परवानगी आधी, बाकीच्यांच्या सह्या नंतर. शहरात जुन्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांना करात आणि दुरुस्तीत अशी सवलत द्या की वरच्या मजल्यावर दिवा लावणं त्यांना परवडेल. पैसा नाही हे कारण चालणार नाही. नदीकाठ सुशोभित करायला पैसा होता.

आणि जाणाऱ्यानं थोडं जास्त थांबावं. 29 जूनला वस्तीत सान पेद्रोचा सण असतो, कोळ्यांच्या संताचा. होड्या रंगवून, पताका लावून सजवतात, पाद्रीबाबा येऊन त्यांच्यावर पवित्र पाणी शिंपडतात, रात्री व्हिनेगर आणि मोहरीच्या झणझणीत रश्शातलं कारी देबाल आणि नाच. गोव्यातलं विंदालू खाल्लेल्याला ते घरचं वाटेल. जमलं तर त्या दिवशी जा. आणि 30 तारखेला पहाटे उठून किनाऱ्यावर उभे राहा, आदल्या दिवशी सजवलेल्या होड्यांपैकी किती पाण्यात उतरतात ते मोजायला.